मार्चमधला मका

ओरिन हॅस्केट आयुष्यात कधी कुणावर ओरडला नाही, आणि माझा त्याच्यावरचा पहिला राग हाच आहे. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. हॅस्केट तुमच्या भावाच्या मरणाचा दोष भर कोर्टात तुमच्याच भावाच्या माथी मारायचा आणि बाहेर पडताना पायऱ्यांवर थांबून तुमच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायचा. आई घरी येऊन टोपी काढता काढता म्हणायची, "काही म्हणा, माणूस सभ्य आहे." सभ्य! साप चावण्याआधी टोपी काढत असता तर आमच्या आईने त्यालाही कॉफी विचारली असती.

सगळे त्याला जज म्हणायचे. खरं तर तो जज होता जेमतेम एक हिवाळा. आधीचे जज न्यूमोनियाने गेले आणि नवे निवडून येईपर्यंत कुणीतरी ती खुर्ची ऊबदार ठेवायची होती, एवढंच. पण आमच्या आयोवात एकदा चिकटलेली पदवी साबणाने निघत नाही. पुढची सगळी वर्षं तो रेल्वे कंपनीचा वकील होता आणि सगळी वर्षं जज होता, आणि या दोन गोष्टी एका कोटात कशा मावतात हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

तो आला तेव्हा कॅल्व्हर्ट गावात रूळही नव्हते. एक कोट, एक पेटी, आणि गोड आवाज. रूळ आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात इंजिनाच्या ठिणगीने एका शेतकऱ्याची गवताची गंजी जळाली, तेव्हा कंपनीवर दावा लावायची हिंमत त्या पोरसवदा वकिलाने केली. जिंकलाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. पुढच्या महिन्यात कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं. त्याला खांद्यावर घेणाऱ्यांत माझे वडीलही होते. ते पुढे मरेपर्यंत सांगायचे, "मी त्याला उचललं होतं. फार जड नव्हता."

कंपनीचं काम करायची त्याची रीत साधी होती. दर जानेवारीत तो काउंटीतल्या प्रत्येक वकिलाच्या घरी जायचा, मुलांना पेपरमिंटच्या गोळ्या द्यायचा आणि टेबलावर एक कार्ड ठेवून यायचा. वर्षभराचा रेल्वेचा पास, कुठेही जा, कितीदाही जा. त्याच्या बदल्यात मागणी काहीच नाही. फक्त एवढंच, की रेल्वेत पाय गमावलेला एखादा ब्रेकमन नाहीतर एखादी विधवा कंपनीविरुद्ध तक्रार घेऊन दारात आली, तर वकीलसाहेब कळवळून म्हणायचे, "बाई, मला फार वाईट वाटतं, पण मी आधीच बांधलेला आहे." पास संपादकाला होता. पास शेरीफला होता. पाद्रीबुवांना अर्ध्या भाड्याची सवलत होती, कारण देवाचं काम अर्ध्यावर भागतं.

आता माझ्या भावाची गोष्ट सांगते. पेडर माझ्याहून मोठा. सप्टेंबरातली सकाळ होती, तो नांगराचा फाळ घेऊन घोडागाडीने लोहाराकडे निघाला. रस्ता आमच्याच शेताच्या कडेने जातो आणि कोपऱ्यावर रूळ ओलांडतो. फाटक नाही, पहारेकरी नाही, एका खांबावर फळी आहे, बस. कोपऱ्यात वडिलांचा मका उभा होता, घोड्यावर बसलेला माणूस हात वर करेल तेवढा उंच. त्या क्रॉसिंगला ड्रायव्हर शिट्टी वाजवत नसत. वाजवली म्हणून शपथेवर सांगत, ते वेगळं. पेडरला इंजिन दिसलं ते घोड्याला दिसलं तेव्हाच, आणि तेव्हा घोडा रुळांवर होता.

काउंटीतल्या वकिलांपैकी एकट्या टटलने आमचा दावा घेतला. आई त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची.

हॅस्केटने खटला ऑक्टोबरातून पुढे ढकलला. एक साक्षीदार आजारी होता, ड्रायव्हरची बदली झाली होती, त्याला स्वतःला खोकला होता. मार्च उजाडला. कोर्टात तो उठला आणि त्या लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "मंडळी, मी तुम्हांला काहीच सांगणार नाही. तुम्ही चला आणि आपल्या डोळ्यांनी बघा. जमीन खोटी साक्ष देत नाही."

ज्यूरीला घोडागाड्यांतून आमच्या कोपऱ्यावर आणलं. आणि आमचं शेत कसं होतं? आरशासारखं. आम्ही डेन्मार्कची माणसं. नोव्हेंबर संपायच्या आत शेवटचं कणीस खुडलेलं, ताटं कापून बांधलेली, बांध झाडलेला. नाहीतर शेजारी काय म्हणतील? एकुलता मुलगा पुरल्यावरही वडिलांनी ते शेत साफ केलं होतं, डोळे पुसत पुसत केलं होतं, पण केलं होतं. ज्यूरीला त्या मोकळ्या काळ्या जमिनीपलीकडे पुढच्या गावातल्या गाडीचा धूर दिसला. एक जण म्हणाला, "इथून आंधळ्यालाही दिसेल की." झालं. कंपनी निर्दोष, पेडर बेसावध. हॅस्केटने वडिलांशी हस्तांदोलन केलं आणि आईला गुडघ्याचं विचारलं.

त्यानंतर मी त्या माणसाचा हिशेब ठेवायला लागले, कागदावर नव्हे, डोक्यात. कुठल्याशा क्रॉसिंगला उन्हाळ्यात माणूस मरायचा आणि मार्चात ज्यूरीची सहल निघायची. ज्या बाजूला मका होता तिथे चिखल असायचा. ज्या बाजूला झाडी होती तिथे काड्या असायच्या. आणि दर वेळी तेच वाक्य, जमीन खोटी साक्ष देत नाही. लोक ते वाक्य हसत हसत दुकानात वापरायचे. हॅस्केटचं पांढरं घर झालं, घराला दोन्ही अंगांनी व्हरांडा झाला. चर्चला घंटा दिली. वाचनालयाला खिडक्या दिल्या. बायको वारली तेव्हा सगळं गाव रडलं, ती खरंच चांगली होती. केस पिकले, कान थोडे गेले, पण गोळ्या खिशात कायम. ज्यांचे बाप त्याने कोर्टात बेसावध ठरवले त्यांची मुलं त्या गोळ्या चोखत शाळेत जायची.

मग ऑगस्टात क्नुड क्रोग गेला.

क्नुड आमचा शेजारी. सायीचे डबे घेऊन सहकारी डेअरीला चालला होता. तोच कोपरा. शेत आता माझं आणि माझ्या नवऱ्याचं, येन्सचं होतं, आणि फेरपालटात त्या वर्षी त्या कोपऱ्याला मका आला होता. धडक मी स्वयंपाकघरातून ऐकली. शिट्टी ऐकली नाही. मी धावत गेले तेव्हा रुळांवर साय सांडलेली होती आणि आमचा कुत्रा ती चाटत होता. बाकीचं सांगत नाही.

कंपनीचा माणूस अंत्यविधीच्या आधी सिग्नेकडे, म्हणजे क्नुडच्या बायकोकडे, सहीचा कागद घेऊन आला. सिग्नेने त्याला विचारलं, "सही केली की काय मिळेल?" त्याने सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या पैशांत घोडा येईल, नवरा नाही. पैसे तुमच्याकडेच ठेवा." सही केली नाही. तिला एवढंच हवं होतं, की तिच्या तीन पोरांनी मोठं झाल्यावर गावात ऐकू नये की आपला बाप डोळे मिटून गाडी हाकत होता.

काउंटीत वकील मिळेना. शेजारच्या काउंटीतून ग्रेडी नावाचा एक आयरिश आणला. लाल नाक, चुरगळलेली कॉलर. आपला पास आपण सिगार पेटवायला वापरला असं तो स्वतःच सांगायचा. खरंखोटं देव जाणे. एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात सिग्ने, येन्स आणि माझ्यासमोर बसून तो तीन कप कॉफी प्याला आणि म्हणाला, "म्हातारबाबांनी खटला मार्चमध्ये ढकललाय."

"ढकलणारच," मी म्हटलं.

"मार्चमध्ये त्या कोपऱ्यात काय असतं, मिस्टर लुंड?"

येन्सची मान ताठ झाली. त्याच्या शेताबद्दल कुणी विचारलं की होते तशी. "काही नसतं साहेब. एक ताट दाखवा, मी ते खाईन."

कुणी हसलं नाही. ग्रेडीने कप खाली ठेवला. सिग्ने माझ्याकडे बघत होती आणि मी येन्सकडे. मला तेव्हा, इतक्या वर्षांनी, दिसलं. हॅस्केटला पुरावा कंपनीने कधी दिलाच नव्हता. आम्ही दिला होता. वडिलांनी, नवऱ्याने, आमच्या सगळ्या झाडूनपुसून ठेवणाऱ्या जमातीने दर नोव्हेंबरात कंबर मोडून तो तयार केला होता. त्याला फक्त मार्चपर्यंत खोकायचं असायचं.

"येन्स," मी म्हटलं, "या वर्षी कोपरा काढायचा नाही."

"काढायचा नाही म्हणजे?"

"उभा ठेवायचा. मार्चपर्यंत."

"कणसांसकट?" त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला चड्डीवर चर्चला जायला सांगितलं. "डॅग्नी, लोक म्हणतील येन्स लुंड दारू प्यायला लागला!"

"मग थोडी पी. निदान खोटं तरी बोलणार नाहीत."

"माझे वडील—"

"तुझे वडील वर आहेत. क्नुडही वर आहे. ते दोघं आपसात बघून घेतील."

ग्रेडीने बजावलं की कारण कुणाला सांगायचं नाही. ती सगळ्यात कठीण गोष्ट होती. डिसेंबरात बर्फाखाली आमचा कोपरा असा उभा होता जसा लग्नात न जेवता बसलेला व्याही. कावळे यायचे, हरणं यायची, शेजाऱ्यांची डुकरं यायची आणि त्यांच्यामागे शेजारी यायचे. पाद्रीबुवांनी येन्सला बाजूला घेऊन तब्येत विचारली. त्याचा सख्खा भाऊ गाडी घेऊन आला, "अरे, सांगायचं तरी! आम्ही चार जण येतो, दोन दिवसांत उरकतो." येन्सने त्याला फाटकातूनच परत पाठवलं आणि मग गोठ्यात जाऊन बराच वेळ बसला. कोपऱ्यावरून जाताना तो तोंड फिरवून घ्यायचा. पश्चिमेकडच्या विलोच्या झाडांच्या रांगेने वारा अडवला म्हणून बरं. आतला काही मका आडवा झाला, पण रस्त्याच्या आणि रुळांच्या कडेचा उभा राहिला.

खटल्याच्या आदल्या रविवारी हॅस्केटची बग्गी कोपऱ्यावर थांबली. मी खिडकीतून पाहिलं. तो बसल्या जागेवरून मक्याकडे बघत होता. मग त्याने हळूच घोडा वळवला.

कोर्टात सगळं गाव. हॅस्केट उठला. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पण पाठ सरळ. ज्यूरीतल्या शेतकऱ्यांनी आपले कोट जवळ ओढून घेतले. त्यांना माहीत होतं, आता म्हणेल चला. तो म्हणाला नाही. ड्रायव्हरची साक्ष सांगितली, शिट्टीचं सांगितलं, थांबा बघा ऐका म्हणून कायदा सांगितला, आणि बसला. खोलीत अशी चुळबुळ झाली की जणू पाद्रीबुवा आमेन न म्हणताच खाली उतरले.

ग्रेडी उठला. "न्यायमूर्ती, ज्यूरीला जागा दाखवावी अशी माझी विनंती आहे."

"माझी हरकत आहे," हॅस्केट मऊ आवाजात म्हणाला. "अपघात ऑगस्टातला. आज मार्च आहे. मार्चमधलं शेत म्हणजे ऑगस्टमधलं शेत नव्हे. ज्यूरीची दिशाभूल होईल."

आणि तेव्हा, माझ्या शेजारून, ज्या माणसाने लग्नातसुद्धा हो हे दोनदा विचारल्यावर म्हटलं होतं, तो येन्स लुंड भर कोर्टात मोठ्याने म्हणाला, "जमीन खोटी साक्ष देत नाही, जजसाहेब."

हशाने छत उडालं. ज्यूरीतला एक लठ्ठ जर्मन पोट धरून हसत होता. न्यायमूर्ती मॅबरी हातोडा आपटत होते, आणि त्यांचा चेहरा लाल होता, कारण मॅबरी वकिली शिकले ते हॅस्केटच्याच कचेरीत, आणि हे वाक्य त्यांनी गुरूच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते नाकारायचं तर कुठल्या तोंडाने. येन्सला बाहेर काढलं. ज्यूरीला गाड्यांत बसवलं.

कोपऱ्यावर वारा होता. वाळलेला मका समोरून विरळ दिसतो, पण तिरकं पाहिलं की भिंत, आणि वाऱ्यात त्याचा असा सळसळाट होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पहिली घोडागाडी रुळांपाशी चढली आणि दुपारची आगगाडी आली. शिट्टी न वाजवता आली. ज्यूरी समोर असतानासुद्धा, त्या दिवशीसुद्धा! लठ्ठ जर्मन चाकावरून उडी मारून चिखलात पडला. इंजिन निघून गेलं. हॅस्केटने खिशातून रुमाल काढून जर्मनाला दिला आणि सहानुभूतीने म्हणाला, "लागलं नाही ना?" त्या क्षणी मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. मी सिग्नेचा हात धरला.

ज्यूरीने सिग्नेच्या बाजूने निकाल दिला. गावात तीन दिवस हसणं चाललं. येन्सने दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन कोपरा काढला, एखाद्या आजाऱ्याची दाढी करावी तसा.

हॅस्केटने अपील केलं. ग्रेडीने वसंतातच सांगितलं होतं, "वरचं कोर्ट हा निकाल परत फेकणार. पुन्हा खटला होणार, आणि म्हातारा तो पुन्हा मार्चातच नेणार." म्हणून एप्रिलात येन्स कोपऱ्यात ओट पेरायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. मका.

"अगं, माणसं जातात तिथून," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज शेजाऱ्यांसाठी नव्हता.

तो बरोबर होता. म्हणून मका डोक्याएवढा झाल्यापासून गाडीच्या वेळेला कोपऱ्यावर सिग्ने उभी राहायची, नाहीतर मी. हातात लाल परकर. कंपनीने जे काम पगारी माणूस ठेवून करायचं ते आम्ही दोघी धुतलेला परकर घेऊन करत होतो, आणि ड्रायव्हर जाता जाता हात हलवायचे.

ऑक्टोबरात वरच्या कोर्टाचा निकाल आला. ज्यूरीला शेत दाखवणं चूक होतं. मार्चमधलं शेत ऑगस्टमधलं नसतं. खटला पुन्हा चालवा. तारीख, अर्थातच, मार्च.

नोव्हेंबरात एका सकाळी हॅस्केटची बग्गी पुन्हा थांबली. मी कुंपणापाशी होते. कोपऱ्यावर सिग्ने लाल परकर हाताला गुंडाळून आगगाडीची वाट बघत होती.

"मिसेस लुंड, मका छान आलाय."

"येन्सला सांगते."

"काढणार कधी?"

"बघू."

"आता उभा ठेवून उपयोग नाही," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "ज्यूरीला इथे आणता येणार नाही. मला, ग्रेडीला, कुणालाच. वरच्या कोर्टाने आता तसा नियमच घालून दिलाय."

"तुम्हीच पटवलंत ना त्यांना?"

"मी मांडलं. त्यांना पटलं."

"मग एक सांगा. पेडरच्या वेळी मार्चमधलं शेत सप्टेंबरमधलं होतं का?"

त्याने लगाम मांडीवर ठेवला. "पेडर. हो. तुमच्या आईचा गुडघा दुखायचा."

"होतं का?"

"नव्हतं," तो म्हणाला. अगदी सरळ, जसं कुणी वेळ विचारल्यावर सांगतो. "पण टटलने हरकत घेतली नाही. घेतली असती तर मला ज्यूरीला इथे आणता आलं नसतं, बहुधा."

"का नाही घेतली?"

"टटलची मुलगी शिकागोला होती, मिसेस लुंड. तिची प्रकृती नाजूक. त्याला सारखं जावं लागायचं."

मला कळायला थोडा वेळ लागला. आई ज्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची, त्याच्याही खिशात ते कार्ड होतं. आणि ते कार्ड त्याच्या टेबलावर ठेवून येणारा माणूस माझ्यासमोर बग्गीत बसून, त्या मुलीच्या नाजूक प्रकृतीबद्दल, खरोखरच्या हळहळीने बोलत होता. त्याने ते लपवलंही नाही. लपवावं असं काही त्यात आहे हेच त्याला वाटत नव्हतं! मी कुंपणाची तार धरली होती. हाताला रक्त आलं ते नंतर दिसलं.

"आणि आणखी एक," तो म्हणाला. "मला हे बोलायला आवडत नाही. क्नुड क्रोगला इंजिनाने मारलं, पण लपवलं तुमच्या मक्याने. हा मका तुम्ही पुन्हा लावलात. उद्या इथे कुणी मेलं तर रात्री झोप कुणाची उडेल?"

नेम बरोबर लागला. तो शेवटपर्यंत नेमबाजच होता.

"म्हणून ती उभी आहे," मी सिग्नेकडे बोट दाखवलं. "उन्हात, पावसात. तुमच्या कंपनीच्या पगाराविना. आणि जजसाहेब, ज्यूरीला इथे आणता येणार नाही हे मला कळलं. पण ज्यूरी आभाळातून पडते का? उत्तरेकडच्या तिन्ही टाउनशिपच्या गावांतली माणसं मार्चात कोर्टात यायची कशी? ओढ्यावर पूल एकच आहे. पुलावरून रस्ता एकच येतो."

तो वळून बघायला लागला. नेमकी त्याच वेळी पुलाकडून एक घोडागाडी आली, वर कुणीतरी उत्तरेकडचा शेतकरी. रुळांपाशी येऊन त्याने मान लांब केली, मक्यात डोकावला, काही दिसेना. सिग्नेने लाल परकर हलवला, तेव्हा थांबला. मग ते इंजिन, बिनशिट्टीचं, त्याच्या घोड्याच्या नाकासमोरून गेलं. शेतकऱ्याने कंपनीच्या आईचा उद्धार केला तो आम्हांला इथवर ऐकू आला.

"त्यांना कुणी काही दाखवणार नाही," मी म्हटलं. "ते आपले घरून कामाला येतील. रोज सकाळी."

आणि मग ओरिन हॅस्केट ओरडला.

"हा कट आहे!" त्याचा तो लोण्याचा आवाज फाटला, आत काहीतरी गंजलेलं निघालं. "हा कोर्टाचा अपमान आहे! मी हुकूम आणीन, मी हे शेत कापायला लावीन, तुम्ही—तुम्ही अडाणी बाई—"

घोडा बुजला, बग्गी तिरकी झाली. मी पुढे होऊन लगाम धरला. म्हाताऱ्याची टोपी पडली होती. ती उचलून दिली.

"ओरडू नका, जजसाहेब," मी म्हटलं, जमेल तेवढ्या गोड आवाजात. "घोडा घाबरतो. आणि गुडघा कसा आहे तुमचा?"

शेत कापायचा हुकूम आला नाही. फेब्रुवारीत कंपनीचा माणूस पुन्हा सिग्नेकडे आला. या वेळी तो स्वयंपाकघरात टोपी काढून बसला आणि कागदावर सहीसाठी बोट ठेवायच्या आधी ग्रेडीला बोलवायचं का म्हणून विचारलं. ग्रेडी आला, कॉफी प्याला, आणि पहिल्या ज्यूरीने ठरवलं होतं तेवढं सगळं घेऊन उठला. कंपनीला उत्तरेकडची ज्यूरी त्या रस्त्याने यायला नको होती. क्नुड बेसावध होता असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही. ते सिग्नेने स्वतः वाचून खात्री केली, एक एक ओळ, बोट ठेवून.

मे महिन्यात हॅस्केट गेला, झोपेत. कोर्टाने एक दिवस कामकाज बंद ठेवून शोकसभा घेतली, वकिलांची तशी पद्धत आहे. मी आणि येन्स मागच्या बाकावर. न्यायमूर्ती मॅबरींनी चष्मा लावून ठराव वाचला, कोर्टाच्या दप्तरात कायमचा राहायचा म्हणून: इतक्या प्रदीर्घ वकिलीत दिवंगत हॅस्केट यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही.

मी उठत होते. येन्सने माझा स्कर्ट धरला.

"बस," तो कुजबुजला.

"अरे पण मी ऐकलाय!"

"मलाही गोठ्यापर्यंत ऐकू आला होता. बस."

बसले. पण अजून मनातून उभीच आहे. पेडरचा निकाल त्याच दप्तरात आहे, त्याच अक्षरात, बेसावध म्हणून, आणि तो बदलायला कुणी अपील करणार नाही. वडील नाहीत, टटल नाही, आता हॅस्केटही नाही; भांडायला कुणी उरलेलं नाही, आणि चर्चमध्ये त्याने दिलेली घंटा दर रविवारी वाजते.

त्या वर्षी येन्सने कोपऱ्यात ओट पेरला. कंबरेच्या वर जात नाही. आता रस्त्यावरून इंजिन लांबूनच दिसतं. शिट्टी ते अजूनही वाजवत नाहीत.